माणदेशचे दुष्काळ आणि दप्तरातला पाऊस

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने राज्यातील चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत सातारा जिल्ह्यातील दोन नावे होती, वाई आणि खंडाळा. सांगलीतील चार होती : शिराळा, कडेगाव, खानापूर-विटा आणि मिरज. माण नव्हता, खटाव नव्हता, आटपाडी नव्हती, जतही नव्हता. सातारा-सांगलीचा नकाशा ज्याने एकदा तरी नीट पाहिला आहे त्याला ही यादी चुकून उलटी छापली गेली की काय, अशी शंका यावी. वाईच्या पश्चिमेला महाबळेश्वरचा कडा आहे, शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचे जंगल आहे. आणि माणदेश हे नाव तर मराठी वाचकाच्या मनात कोरड्या मुलखाचा प्रतिशब्द होऊन बसलेले. अपेक्षेप्रमाणे ओरड झाली. पुढे महसूल मंडळांची वेगळी यादी काढून राज्यातील हजारावर मंडळांत ‘दुष्काळसदृश’ स्थिती जाहीर करण्यात आली.

यादी करणाऱ्यांनी लबाडी केली असे मला सुचवायचे नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमपुस्तिकेप्रमाणे पाऊस सरासरीहून किती घटला, मध्येच किती दिवसांचा खंड पडला, पेरा किती झाला, उपग्रहाला पिकांची हिरवाई किती दिसली, जमिनीत ओल किती उरली, अशी पायरीपायरीने तपासणी होते. ही पद्धत मुळात अंतर मोजते, नेहमीच्या स्थितीपासूनचे अंतर. आता जेथे वर्षाची सरासरीच पाचशे मिलिमीटरच्या आसपास, कित्येक गावांत त्याहूनही कमी, तेथे नेहमीची स्थिती हीच अन्यत्र दुष्काळ ठरावी अशी असते. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एकाच जिल्ह्यात दहा-बारापट फरक! माणमध्ये आणखी एक कोरडे वर्ष ही बातमीच होत नाही, आणि जी बातमी होत नाही ती कागदावर सहजासहजी चढत नाही.

जुन्या कागदपत्रांतून जुने दुष्काळ शोधू पाहणाऱ्याला ही अडचण फार ओळखीची आहे. गेल्या काही दशकांत हवामानाचा इतिहास हे एक भारदस्त शास्त्र झाले आहे. एमान्युएल ल रॉय लादुरी या फ्रेंच इतिहासकाराने १९६७ साली द्राक्षतोडणीच्या तारखांवरून जुन्या उन्हाळ्यांचा माग काढला, तेव्हापासून या विद्येने पुष्कळ मजल मारली. आपल्याकडे पाऊस मोजण्याची देशव्यापी व्यवस्था भारतीय हवामान खात्याच्या स्थापनेनंतर, म्हणजे १८७५ नंतर, बसत गेली. त्यामागच्या काळासाठी झाडांची वलये आहेत, गुहांतील चुनखडीचे थर आहेत आणि माणसांनी लिहून ठेवलेले कागद आहेत. झाडाला आणि दगडाला कोणाकडून काही मागायचे नसते. कागदाचे तसे नाही. दुष्काळाविषयीचा जवळजवळ प्रत्येक जुना कागद हा कोणीतरी कोणाकडे तरी केलेली मागणी असतो, नाहीतर अशा मागणीला दिलेले उत्तर असते. पाऊस त्यात असतो तो साक्षीदार म्हणून; आणि साक्षीदार कोणत्या पक्षाने उभा केला आहे हे पाहिल्याशिवाय त्याची जबानी घेता येत नाही.

माणदेशापुरते हे तपासून पाहावे असे कित्येक दिवस मनात होते. माणदेश म्हणजे केवळ आजचा माण तालुका नव्हे. कुळकजाईच्या डोंगरात उगम पावून दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला असा प्रवास करत पंढरपूरच्या बाजूला भीमेला मिळणारी माणगंगा, आणि तिच्या दोन्ही अंगांचा माळ.

या मुलखाचा सर्वांत जुना दुष्काळ सांगितला जातो तो दुर्गादेवीचा. १३९६ साली सुरू झाला आणि बारा वर्षे चालला अशी परंपरा. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात तो नोंदवला, आणि पुढे सगळ्या गॅझेटियरांनी तो तेथून घेतला. डफ साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी होता, त्यामुळे या मुलखाची त्याला प्रत्यक्ष ओळख होती. तो लिहितो की पाऊस परत आल्यावरही गोदावरी आणि कृष्णा यांच्यामधल्या प्रदेशातून तीसेक वर्षे वसूल जेमतेमच येत होता. मग १४२९ च्या सुमारास बहामनी दरबाराने फौज पाठवली. तिची पहिली मोहीम खटाव देशातल्या रामोश्यांवर आणि महादेवाच्या डोंगरातल्या लुटारूंवर झाली. म्हणजे नेमका आपला माणदेश. बंदोबस्त झाल्यावर दादो नरसो काळे नावाचा ब्राह्मण आणि दरबारातला एक तुर्की खोजा यांना रयत परत आणून वसवण्याच्या कामावर ठेवले गेले. गावांच्या जुन्या शिवा कोणाला आठवत नव्हत्या, म्हणून नव्या आखल्या. दोन-दोन, तीन-तीन गावे मिळून एक गाव केले. जो कसेल त्याला जमीन. पहिल्या वर्षी सारा नाही. दुसऱ्या वर्षी बिघ्याला तोबराभर धान्य.

हा तोबरा मला फार बोलका वाटतो. घोड्याच्या तोंडाला बांधायची पिशवी हे साऱ्याचे माप झाले, कारण दुसरे माप करणारी व्यवस्थाच मोडून पडलेली. शिवा विसरल्या गेल्या हा तपशील तर कोणत्याही पर्जन्यमापकापेक्षा अधिक सांगतो. गावाची शीव विसरायला एक-दोन वाईट वर्षे पुरत नाहीत. ती दाखवणारी म्हातारी माणसे मरावी लागतात आणि तरुणांनी परत न येण्याइतके दूर जावे लागते.

तरीही सावध राहिले पाहिजे. डफ आणि ती घटना यांच्यात चारशे वर्षे आहेत. पहिल्या वर्षी माफी आणि पुढे चढता सारा ही मराठेशाहीतली कौलाची नेहमीची रीत. ती मागच्या काळावर आरोपली गेली असण्याचा संभव आहेच. बारा वर्षे हा आकडाही संशयास्पद आहे. बारा वर्षांचे अवर्षण पुराणातही पडते आणि लोककथेतही. मात्र येथे दगडाची साक्ष उपयोगी पडते. छत्तीसगडमधील दंडक गुहेतल्या चुनखडीच्या थरांचा अभ्यास आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. चौदाव्या शतकाचा मध्य ते पंधराव्या शतकाचा मध्य या काळात मध्य भारतातला मोसमी पाऊस वारंवार आणि दीर्घकाळ क्षीण होता, असे ते थर सांगतात. दंडक गुहा माणपासून फार दूर आहे आणि दगडाला दुर्गादेवी ठाऊक नाही. पण परंपरेने आकडा फुगवला असला तरी संकट बनवले नव्हते, एवढे म्हणायला आधार मिळतो.

पुढचा प्रसिद्ध दुष्काळ दामाजीपंतांचा, सुमारे १४६० चा. मंगळवेढे माणगंगेच्या खोऱ्याला लागूनच आहे. ही कथा आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः महिपतीच्या भक्तिविजयातून, म्हणजे १७६२ साली, तीनशे वर्षांनी. विठोबा महाराच्या रूपाने बिदरला जाऊन कोठाराचे पैसे भरतो हा भाग श्रद्धेचा. त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पण मंगळवेढ्याला सरकारी धान्याचे कोठार होते, भोवती माणसे उपाशी मरत होती आणि कोठार उघडणे हा राजद्रोह होता, हे तीन तपशील कथेला गृहीत धरावे लागले. श्रोत्यांना त्यांत नवल वाटले नसावे, आणि इतिहासाला तेवढे पुरते. त्या वर्षी पाऊस किती पडला हे मात्र भक्तिविजय सांगत नाही.

१६३० च्या दुष्काळाची गोष्ट वेगळी. येथे समकालीन साक्षी आहेत आणि भरपूर आहेत : शाहजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी, सुरतेहून आग्र्याला गेलेला पीटर मंडी, वखारींची पत्रे. देहूचे तुकोबा याच दुष्काळात व्यापारात बुडाले आणि त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. एवढ्या साक्षी असूनही त्या वर्षी म्हसवडला किंवा आटपाडीला काय झाले हे त्यांपैकी कोणी सांगत नाही. मंडी ज्या रस्त्याने गेला त्या रस्त्यावरची प्रेते त्याने पाहिली. माणदेशावरून त्याचा रस्ता जात नव्हता. दुष्काळाचा नकाशा म्हणून आपण जो पाहतो तो पुष्कळदा लिहिणाऱ्यांच्या रस्त्यांचा नकाशा असतो. शके १५५१ च्या फाल्गुनातली एक तिथी, शिवजन्माची, नक्की करण्यासाठी मराठी विद्वानांनी जितकी शाई खर्च केली त्याच्या शतांश जरी त्याच शकातल्या पावसाच्या शोधासाठी खर्च झाली असती तर बरे झाले असते, असे मला अनेकदा वाटते. असो.

खरा समृद्ध भाग सुरू होतो तो मराठेशाहीच्या महसुली कागदांपासून. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यांतून निवडलेले पंचेचाळीस खंड छापले आणि त्याआधी गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर छत्रपती व पेशवे यांच्या रोजनिशांतून उतारे काढले. पण छापलेले हे एकूण साठ्याच्या मानाने पसाभर आहे. छापताना निवड झाली ती लढाया, तह आणि कारस्थाने यांची. तगाईचे हिशेब कोण छापणार?

या कागदांची एक खुबी अशी की त्यांचे वर्षच पावसाळ्याने सुरू होते. मराठी दप्तरात शुहूर सन चाले, अरबी शब्दांत लिहिलेला. सूर्य मृग नक्षत्रात गेला की, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, तो बदलायचा. म्हणून त्याला मृगसाल म्हणत. ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’ म्हणजे ११९२. त्यात ५९९ मिळवले की १७९१ चा पावसाळा येतो आणि ६०० मिळवले की १७९२ चा उन्हाळा. एक पाऊस, त्या पावसावरची बाजरी, त्याच ओलीवरची शाळू आणि त्याचा वसूल, हे सारे एकाच सनात बसते. जानेवारीपासून वर्ष मोजणारा इंग्रजी कागद हाच पाऊस दोन वर्षांत चिरतो. हवामानाच्या अभ्यासकाने कारकुनाचे आभार मानावेत अशी ही सोय आहे, जरी कारकुनाला त्यात हवामान दिसत नसून हप्ता दिसत होता.

आणि त्या कागदांची भाषा! ‘बेचिराग’ हा शब्द पाहा. ज्या गावात दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. महसुलाच्या झाड्यात हा शब्द अगदी कोरडेपणाने येतो, रकान्यातली एक स्थिती म्हणून. त्याच्या पुढच्या सालांत कौल आला, म्हणजे परागंदा रयतेला अभय देऊन बोलावले. इस्तावा आला, म्हणजे पडीक जमिनीवर वर्षावर्षाला थोडा थोडा चढत जाणारा सारा ठरवला. तगाई आली, म्हणजे बी-बैलाला आगाऊ रक्कम दिली. पाऊस किती पडला हे यातला एकही शब्द सांगत नाही. पण एखाद्या गावाचा इस्तावा किती वर्षांचा आहे यावरून ते गाव किती खोल गेले होते हे कळते. सूट मागणारा पाटील संकट फुगवून सांगणार आणि कमाविसदार ते दाबून सांगणार, हे दोघेही जाणून असत. म्हणून मागणीच्या अर्जापेक्षा मंजुरीचा कागद विश्वासाचा, आणि मंजुरीपेक्षाही पुढच्या चार सालांचा वसूल अधिक विश्वासाचा. जमिनीने जे दिले नाही ते सरकारच्या हिशेबात आज ना उद्या उतरतेच.

मोठी अडचण आहे ती ‘अस्मानी-सुलतानी’ची. आपण हा जोडशब्द आता अलंकारासारखा वापरतो. तेव्हा तो व्यवहारातला शब्द होता; मामलतीच्या करारात अस्मानी-सुलतानी झाल्यास रकमेत मजुरा मिळावा असे कलम असे. दोन्ही एकाच दमात उच्चारली जात, कारण गावाच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम तोच. हवामानाच्या अभ्यासकाला मात्र ती वेगळी करावी लागतात. १८०३-०४ चा दख्खनचा दुष्काळ घ्या. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकराने हडपसरजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला; त्यानंतर होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्यांनी मुलूख धुऊन निघाला, पेव उकरली गेली, बैल गेले. वर पाऊसही दगा देऊन गेला. त्या वर्षीच्या बेचिराग गावांपैकी किती आभाळाच्या खाती मांडायची आणि किती होळकराच्या?

धान्याच्या धारणेचे तसेच. मराठी पत्रांत धारण लिहिली जाते ती रुपयाला इतके शेर किंवा इतक्या पायल्या अशी. आकडा लहान झाला की महागाई वाढली. घाईने वाचणारा येथे हमखास फसतो. शिवाय शेर गावोगाव निराळा. वासुदेवशास्त्री खरे यांनी ऐतिहासिक लेखसंग्रहात पटवर्धनांची पत्रे छापली आहेत, त्यांत टिपूवरच्या मोहिमेचा काळ येतो. नेमका हाच काळ भीषण अवर्षणाचा, १७९१-९२ चा. कर्नाटकात त्याला कवट्यांचा दुष्काळ म्हणतात. आशियातल्या झाडांच्या वलयांवरून २०१० साली तयार झालेल्या अवर्षणांच्या नकाशात १७९० ते १७९६ हे गेल्या काही शतकांतल्या मोजक्या महाअवर्षणांपैकी एक ठरले आहे, आणि रिचर्ड ग्रोव्ह यांनी त्याची सांगड १७८९ ते १७९३ च्या एल निन्योशी घातली आहे. पण लाखाची फौज, तिची जनावरे आणि तिच्यामागचा बाजार जेथे तळ देतो तेथली धारण ही लष्कराची धारण असते. ती जशीच्या तशी पावसाच्या खात्यात घालता येत नाही.

पश्चिम भारताच्या पावसाचा कागदपत्रांवरून पद्धतशीर आलेख काढण्याचे सर्वांत महत्त्वाचे काम जॉर्ज ॲडमसन आणि डेव्हिड नॅश या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञांनी केले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १७८१ ते १८६० या काळातले पावसाळे वर्षवार लावले आहेत. वर्तमानपत्रे, खाजगी रोजनिशा, मिशनऱ्यांची वृत्ते, सरकारी पत्रव्यवहार यांतून पावसाचे उल्लेख वेचायचे, त्यांना श्रेणी द्यायची आणि पुढे जेथे मापकाचे आकडे मिळतात तेथे त्या श्रेणी पडताळायच्या, अशी ही रीत. काम चोख आहे. पण त्यांची साधने मुख्यतः इंग्रजी, आणि इंग्रज राहत होते मुंबईला, पुण्याला, छावण्यांत. मुंबईत जूनमध्ये पाऊस वेळेवर आला ही नोंद माणच्या शेतकऱ्याला काय सांगते? त्याचे पोट जूनच्या पावसापेक्षा उत्तरा आणि हस्ताच्या पावसावर अवलंबून असते. परतीचा पाऊस चुकला की शाळू गेली, कडबा गेला, कडब्याबरोबर बैल गेला. मुंबईकर रोजनिशीकार तोवर पावसाला कंटाळून गेलेला असतो. म्हणून या मुलखाचा आलेख काढायचा तर मोडीतल्या महसुली कागदांना पर्याय नाही, आणि ते काम अजून कोणाची तरी वाट पाहत पडले आहे.

दुसरे एक साधन सुचवावेसे वाटते. स्पेनमध्ये अवर्षण पडले की चर्चकडून प्रार्थना होत, आणि संकट वाढेल तशी प्रार्थनेची पायरी चढे : आधी चर्चच्या आत, मग मूर्ती बाहेर काढून, मग मिरवणूक, मग दूरच्या तीर्थाची यात्रा. प्रत्येक पायरीला खर्च, आणि खर्चाची वहीत नोंद. त्या वह्यांवरून तेथल्या संशोधकांनी शतकांच्या अवर्षणांची तीव्रता लावली. आपल्याकडे देव पाण्यात ठेवणे हा आज वाक्प्रचार उरला आहे. पूर्वी गाभारा खरोखर पाण्याने भरत. अनुष्ठान म्हटले की शिधा, तूप आणि दक्षिणा आलीच, आणि दक्षिणा आली की कीर्द आली. शिखर शिंगणापूरचा शंभूमहादेव तर या मुलखाचा धनी. मालोजी भोसल्यांनी तेथे तळे बांधले ते यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत म्हणून, असे बखरी सांगतात. देवस्थानांच्या जुन्या कीर्दींतून पर्जन्यानुष्ठानाचा खर्च सालवार काढून पाहण्यासारखा आहे.

१८७६ चा दुष्काळ, शके १७९८, धाता संवत्सर. तमिळ मुलखात अजूनही त्याला धातू वर्षाचा दुष्काळ म्हणतात. येथून छापील कागदांचा पूर येतो आणि वाटते की आता अडचण संपली, आकडे मिळाले. दुष्काळी कामांवर दर आठवड्याला किती माणसे होती याचे तक्ते आहेत. या तक्त्यांवरून उपासमारीचा चढउतार मोजण्याचा मोह कोणालाही होईल. पण १८७७ च्या सुरुवातीला हे आकडे मुंबई इलाख्यात एकाएकी घसरतात. पाऊस पडला नव्हता, पीक आले नव्हते. झाले होते ते असे की सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुरी कापून दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली गेली, आणि हजारो मजुरांनी कामावर जाण्याचे नाकारले. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. तक्ता फक्त ‘संख्या कमी’ एवढेच सांगतो. कारण कळते ते पुणे सार्वजनिक सभेच्या कागदांतून. सभेने जिल्ह्याजिल्ह्यातून बातमीदारांकरवी माहिती गोळा केली, ती छापली आणि सरकारला अर्जांवर अर्ज केले. सभेचाही पक्ष होताच, तिलाही सरकारकडून काही हवे होते. पण दोन विरुद्ध पक्षांचे कागद शेजारी ठेवले की मधली फट दिसते, आणि खरे काय घडले ते पुष्कळदा त्या फटीत असते.

त्याच दुष्काळाने माणगंगेवर आपली खूण ठेवली. माण आणि आटपाडी यांच्या सीमेवरचा राजेवाडीचा तलाव, ज्याला म्हसवडचा तलावही म्हणतात, दुष्काळी काम म्हणून सुरू झाला आणि पुढच्या दशकात पुरा झाला. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये तलावांचा कौतुकाने उल्लेख आहे : क्षेत्र, खर्च, भिजणारी जमीन. पाटीखाली वाहिलेली माणसे त्यात नाहीत.

महसुली कागद रयतेला ओळखतो, कारण ती सारा भरते. मग ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याचा दुष्काळ कोणत्या रकान्यात पडणार? माणदेशातला धनगर अवर्षणात सूट मागत बसत नाही; तो मेंढरे घेऊन उठतो आणि जातो. चराईच्या आकारात घट आली तर दप्तराला त्याची हालचाल कळणार, एरवी नाही. बलुतेदारांचे आणखी वाईट. त्यांचे बलुते खळ्यावर मिळे. खळेच भरले नाही तर पाटलाला मिळालेली सूट त्यांच्यापर्यंत पोचायचा मार्गच नव्हता. आटपाडीच्या शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ १९८१ साली आले. गावकीची चाकरी करणाऱ्या घरातून तो मुलूख कसा दिसतो हे त्याआधी शोधणाऱ्याला महसुली दप्तरात फारसे काही सापडले नसते. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. औंध संस्थानातल्या त्या धनगरवाडीत शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी रिकामी होते. कादंबरीवरून सन काढता येत नाही, काढूही नये. पण वाडी रिकामी कशी होते, आधी कोण उठते आणि कोण मागे राहते, हे तिच्यात आहे. दप्तर त्याच घटनेला ‘बेचिराग’ म्हणून पुढच्या गावाकडे वळले असते. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या आणि कथा गोळा केल्या, त्यांतही अवर्षण, स्थलांतर आणि नव्या रानात देव वसवणे हे पुन्हा पुन्हा येते. हवामानाचे अभ्यासक हे साहित्य हाती धरत नाहीत, कारण त्याला तारीख नाही. तारीख असलेल्या कागदाला माणूस नसतो, हेही तितकेच खरे आहे.

आजही गाडी फारशी वेगळ्या रुळावर नाही. पिकांची पैसेवारी पन्नासच्या आत की बाहेर यावर सारामाफीपासून परीक्षा फीपर्यंतच्या सवलती ठरत आल्या. नजर पैसेवारी, सुधारित पैसेवारी, अंतिम पैसेवारी : एकाच शेताचे तीन कागद, तीनदा वाटाघाट. २०१६ साली उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यानंतर शासनाने आपल्याच आदेशांना शुद्धिपत्रक काढले, की ‘दुष्काळसदृश’च्या जागी ‘दुष्काळ’ असे वाचावे. दोनशे वर्षांनी कोणी संशोधक ते शुद्धिपत्रक न पाहता मूळ आदेश वाचेल तर त्याला वाटेल, त्या साली दुष्काळ पडलाच नव्हता, तसे काहीतरी झाले होते. आणि २०२३ ची ती चाळीस नावांची यादी वाचून तो नकाशात माण पांढरा ठेवील.

उलट अन्यायही शक्य आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या सुखठणकर समितीने अवर्षणप्रवण तालुके ठरवले, त्यांत माण आला आणि तो शिक्का कायम राहिला. एकदा मुलूख कायमचा दुष्काळी ठरला की त्याचा इतिहास शोधण्याचे कारणच उरत नाही. तेथे नेहमी असेच होते, असे म्हणून मोकळे होता येते. कागद तसे सांगत नाहीत. बेचिराग गावात पुन्हा दिवे लागले, इस्तावे पुरे झाले, वसूल पूर्वपदावर आला, हेही त्याच रुमालांत आहे. कोरडेपणा सततचा होता. दुष्काळ मात्र येत आणि जात होते, आणि प्रत्येकाचे कारण थोडे निराळे होते. आज टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूरचे पाणी या मुलखात उतरू लागले असताना सरासरी काय होती आणि अपवाद काय होता, हे ठाऊक असणे उपयोगाचे आहे.

एक कामाची कल्पना मांडून थांबतो. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर दहिवडी-म्हसवडचा भाग इंग्रजी अमलात गेला. लागूनच खाली असलेली आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींकडे राहिली, ती थेट १९४८ पर्यंत. नदी एक, आभाळ एक, माळ एक. कारकून मात्र दोन सरकारांचे, दोन वेगळ्या साऱ्याच्या पद्धतींचे. १८७६ किंवा १८९९ यांसारखे एखादे साल घ्यावे, शिवेला शीव लागलेली दोन गावे निवडावीत, एक इकडचे, एक तिकडचे, आणि त्यांचे त्या सालाचे आणि पुढच्या पाच सालांचे वसूल एका कागदावर शेजारी शेजारी उतरवावेत. पाऊस दोघांवर सारखाच चुकला होता. जो फरक उरेल तो कोणाचा, हे त्यावरून दिसेल. काम दोघांचे आहे, एक मोडी वाचणारा आणि एक पावसाचे गणित जाणणारा; आणि दोघांनी सुरुवात एप्रिलमध्ये करावी, म्हणजे एकदा तरी त्या दोन गावांच्या मधल्या कोरड्या पात्रातून चालत जाता येईल.